खाडीगणिक इतिहास : रेवस ते रत्नागिरी, सायकलवरून

मार्गशीर्षातील नवरात्रात अंबाजोगाईच्या धर्मशाळा आणि लॉज पाहुण्यांनी भरून जातात. योगेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्या या कुटुंबांपैकी पुष्कळांची मूळ गावे गुहागर, श्रीवर्धन, मुरुड, हर्णै, रत्नागिरी अशी समुद्रकाठची असतात. कोकणस्थ घराण्यांतील अनेकांचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर आणि कुलदेवता अंबेची योगेश्वरी. एक दैवत समुद्राच्या वाळूवर, दुसरे चारशेहून अधिक किलोमीटर आत बालाघाटाच्या डोंगरांत. आख्यायिका अशी सांगतात की, परशुरामाने कोकणात वसविलेल्या मंडळींना अंबेच्या परिसरातील मुली दिल्या गेल्या आणि त्या बदल्यात योगेश्वरीला कुलदेवता मानण्याचे वचन घेतले गेले. आख्यायिकेचा पुरावा कोणी मागत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माणसे समुद्रकाठाहून सह्याद्री चढून, अर्धा दख्खन ओलांडून इथवर येत राहिली, एवढे मात्र खरे. उलट दिशेचा प्रवास अंबाजोगाईकर क्वचितच करतात. करतात तो मोटारीने, गणपतीपुळ्यापर्यंत आणि दोन रात्रींत परत. या लेखाचा विषय आहे तोच किनारा सायकलने, आठवडाभरात पाहण्याचा.

मराठवाडा आणि कोकणपट्टी यांचा संबंध केवळ कुलाचारापुरता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांची माहिती देणारी पुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत पैठण आणि तगर या दख्खनमधील दोन बाजारपेठांची नावे येतात. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून कापड आणि इतर माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरापर्यंत नेला जाई, असे ती पुस्तिका सांगते. त्याच पुस्तिकेत कोकण किनाऱ्यावरील ‘सेमिल्ला’ बंदराचा उल्लेख आहे. ते अलिबागजवळचे चौल होय. म्हणजे अंबाजोगाईपासून सायकलने एका दिवसात गाठता येईल असे तेर आणि समुद्रावरचे चौल ही दोन गावे दोन हजार वर्षांपूर्वी एकाच व्यापाराच्या जाळ्यात होती. अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे, तेथील शैव आणि जैन शिल्पे, मुकुंदराजांनी शके १११० मध्ये पूर्ण केलेला ‘विवेकसिंधु’ हे सारे वैभव ज्या प्रदेशात उभे राहिले, तो प्रदेश समुद्रापासून तुटलेला नव्हता. मध्ये घाट होते आणि घाटांना वाटा होत्या.

या वाटांची मांडणी लक्षात घेतली तर कोकणचा नकाशा एकदम उलगडतो. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या सत्तर-ऐंशी किलोमीटरांतच समुद्राला मिळतात. भरतीचे खारे पाणी नदीच्या मुखातून दूरवर आत शिरते, तीच खाडी. जुन्या काळी गलबते भरतीबरोबर खाडीतून जेवढी आत जाऊ शकत, तेथे बाजारपेठ वसे. सावित्रीच्या खाडीवर महाड, वाशिष्ठीच्या खाडीवर चिपळूण. बाजारपेठेच्या वर घाट असे. महाडच्या वर वरंधा, चिपळुणाच्या वर कुंभार्ली. घाटमाथ्यावरून माल देशावर जाई. आणि खाडीच्या मुखाशी, जेथून प्रत्येक गलबताला ये-जा करावीच लागे, तेथे किल्ला असे. ज्याचा किल्ला, त्याची जकात. मुखाशी किल्ला, टोकाशी पेठ, वर घाट, अशी ही तीन कड्यांची साखळी आहे. रेवसपासून रेडीपर्यंत प्रत्येक मोठ्या खाडीवर ती कमीअधिक फरकाने दिसते.

मुंबई–गोवा महामार्गाने जाणाऱ्याला ही साखळी उमगत नाही. तो महामार्ग किनाऱ्यापासून बराच आत आहे आणि खाड्या जेथे अरुंद होतात तेथे पुलावरून त्या अर्ध्या मिनिटात ओलांडतो. किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला प्रत्येक खाडीपाशी थांबावे लागते. रस्ता तेथे संपतो, पुढे पाणी असते आणि पाण्यापलीकडे दुसरा तालुका. खाडी म्हणजे काय, हे त्याला पाय टेकवून उभे राहिल्यावर कळते.

अंबाजोगाईहून या प्रवासाची सुरुवात अवघड नाही. लातूरहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यात देता येते. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरले की भाऊचा धक्का तीन-चार किलोमीटरवर. तेथून मांडव्याला वाहने नेणारी मोठी बोट आणि रेवसला जाणारी लाँच सुटते. दुपारपर्यंत प्रवासी रायगड जिल्ह्याच्या मातीवर असतो. मांडव्यापासून किनाऱ्याने रत्नागिरी सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर होते. रोज पन्नास किलोमीटरचा हिशेब धरला तर सात दिवस लागतात. पन्नास किलोमीटर हा आकडा सपाट प्रदेशातील माणसाला फार लहान वाटतो. तो लहान का नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळते.

समुद्रकाठचा रस्ता सपाट असेल, ही समजूत कोकणाबाबत खोटी ठरते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे पठार असते. त्याला तेथे सडा म्हणतात. खाडीकाठच्या गावातून निघालेला रस्ता माडा-पोफळींच्या सावलीतून थोडे अंतर जातो आणि मग वळणे घेत शे-दीडशे मीटर चढून सड्यावर येतो. सड्यावर सावली नाही. तांबडा कातळ, वाळलेले गवत आणि दूर खाली निळे पाणी. काही वेळ बरे वाटते. मग तितकाच तीव्र उतार आणि पुन्हा खाडी. असे दिवसातून तीन-चार वेळा घडते. बालाघाटाच्या चढउतारांची सवय असलेल्या माणसाला हे चढ नवे नाहीत, पण त्यांची वारंवारता नवी असते. चढ संपला असे मनाने ठरवायचे आणि पुढच्या वळणावर तो पुन्हा सुरू व्हायचा, हा कोकणातील रोजचा अनुभव.

वाऱ्याचेही एक वेळापत्रक आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद आणि गार असतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येचा असतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला दुपारी वाऱ्याचे साह्य मिळते. रत्नागिरीहून रेवसकडे येणाऱ्याला तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. शिडाची गलबते चालविणाऱ्या खलाशांनी हे गणित शेकडो वर्षे वापरले. सायकलस्वाराला ते एका दुपारी पाठ होते.

पहिल्या दिवशी अलिबागवरून चौल आणि रेवदंडा लागते. प्राचीन सेमिल्लाचे हे वारस. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकण्याच्या आशेने येथेच उतरला होता. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी उभारली आणि आजचा रस्ता त्याच तटातून जातो. मोटारीतून तो तट क्षणात मागे पडतो. सायकलवरून त्याची जाडी मोजता येते. कुंडलिका खाडीच्या पुलापलीकडे कोर्लई आहे. डोंगरावर पोर्तुगीज किल्ला आणि पायथ्याशी एक वस्ती. १७४० च्या सुमारास पोर्तुगीज येथून गेले, तरी या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, पण भाषा घरात राहिली. भाषांवर प्रेम करणाऱ्या कोणाही मराठी माणसाने कोर्लईत घटकाभर थांबावे.

काशीदवरून मुरूड. राजपुरी खाडीच्या मुखाशी समुद्रात उभा असलेला जंजिरा सर्वांना ठाऊक आहे. सिद्दीच्या या किल्ल्याने शिवाजी महाराजांपासून अनेकांना दाद दिली नाही. महाराजांनी त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी जवळच्याच कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. जंजिऱ्याला अभेद्य का म्हणतात, याचे उत्तर नुसत्या त्याच्या भिंतींत नाही. आगरदांड्याला पोहोचून सायकल जंगलजेटीवर चढविली आणि दिघीकडे निघाले की खाडीचा विस्तार ध्यानात येतो. या पाण्यावर ज्याची सत्ता, त्याच्या परवानगीविना आतल्या गावांत मीठही जाऊ शकत नव्हते. जंगलजेटी म्हणजे माणसे, दुचाक्या, मोटारी, भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे असे सगळे एका सपाट तळावर घेऊन जाणारी बोट. रेवस ते रत्नागिरी या वाटेवर अशा चार तरी आहेत : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. या चार तरी म्हणजे या प्रवासाचे चार अध्याय समजावेत.

दिघीपासून दिवेआगरमार्गे श्रीवर्धन. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे हे गाव. सिद्दीच्या राज्यातील देशमुखी सांभाळणारे हे घराणे घाट चढून वर गेले आणि त्यानंतर शंभर वर्षे मराठी राज्याच्या कारभारावर त्याची मुद्रा राहिली. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरला जाताना सड्यावर धाप लागते तेव्हा मनात येते की, एका वेळी एवढीच वाट चढून कोणाचे तरी आयुष्य बदलले होते. दुसरी तर बागमांडल्याची. ही सावित्रीची खाडी. पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो आणि खाडीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला. १७५५-५६ मध्ये इंग्रजांनी तो मिळविला आणि त्याला आपल्या विजयाचे नाव दिले. पश्चिम किनाऱ्यावर मुंबईबाहेर इंग्रजांनी पाय रोवलेल्या पहिल्या जागांपैकी ही एक. महाडच्या पेठेकडे आणि वरंधा घाटाकडे जाणारी गलबते याच किल्ल्याखालून जात. हा किल्ला त्यांनी हातचा का सोडला नाही, ते तरीत बसून पाहिले म्हणजे नकाशाविना समजते.

केळशी, आंजर्ले करीत हर्णै. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, गोवा आणि फत्तेगड. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून जिंकले. पुढल्याच वर्षी विजयदुर्ग पडला. आपल्याच आरमाराचा पाडाव करण्यासाठी परक्याच्या आरमाराची मदत घेतली गेली. त्याची किंमत पुढे किती मोजावी लागली, हे इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. हर्णैच्या बंदरात आज मासळीचा लिलाव चालतो आणि त्या गर्दीमागे सुवर्णदुर्ग स्तब्ध असतो.

हर्णैच्या दक्षिणेस मुरुड आहे. जंजिऱ्याजवळचे मुरूड वेगळे. हे दापोली तालुक्यातील. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण येथे गेले. सरकारी परीक्षेला बसण्यासाठी तरुण कर्वे येथून डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. ही हकिगत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापणाऱ्या आणि १९५८ मध्ये भारतरत्न झालेल्या या पुरुषाचे पहिले मोठे अपयश म्हणजे एक वाया गेलेली पायपीट. आज मुरुडहून सातारा मोटारीने काही तासांचे अंतर आहे. सायकलस्वाराला त्या पायपिटीची अर्धी तरी कल्पना येते. कोकणात शिक्षणाचे, औषधाचे, नोकरीचे अंतर नेहमी डोंगर आणि पाणी यांनी मोजले गेले आहे.

तिसरी तर दाभोळची. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ बहमनी आणि आदिलशाही काळात मोठे बंदर होते. सतराव्या शतकातील शाही मशीद धक्क्याजवळ माडांच्या मागे उभी आहे. अशी कमान आणि असे घुमट विजापूरला पाहावेत, इतकी ती कोकणात अनपेक्षित वाटते. विजापूर आणि दाभोळ यांना जोडणारा माल कुंभार्ली घाटाने जात असे, हे लक्षात घेतले की आश्चर्य उरत नाही. धोपाव्याला उतरून गुहागर गाठले की व्याडेश्वर. अंबाजोगाईच्या प्रवाशाला येथे वेगळेच समाधान मिळते. मार्गशीर्षात आपल्या गावी जी कुटुंबे येतात, ती कोठून येतात हे त्याने चाकाखाली अनुभवलेले असते. गुहागरच्या बागेतील सुपारी आणि बालाघाटावरील देऊळ यांच्यामधले अंतर त्याला आता किलोमीटरच्या दगडांविना ठाऊक असते.

वेळणेश्वर, हेदवी आणि मग तवसाळ. चौथी तर शास्त्री नदीच्या खाडीची. पलीकडे जयगडचा किल्ला. पुढे मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे. गणपतीपुळ्याहून आरे-वारेचा समुद्राला लागून जाणारा रस्ता रत्नागिरीला पोहोचवितो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये याच गावी आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा येथेच निवर्तला. पळून जाणे अवघड, म्हणून निवडलेले गाव! एका बाजूस समुद्र, दुसरीकडे सह्याद्री, उत्तर-दक्षिणेस खाड्या. सात दिवस सायकल चालवून आलेल्याला इंग्रजांची ही निवड नीट समजते.

आता या रस्त्याच्या भवितव्याविषयी. रेवस ते रेडी असा अखंड सागरी महामार्ग व्हावा, ही कल्पना जुनी आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, म्हणजे १९८०–८२ मध्ये, तिला चालना मिळाली. आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मोठ्या खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेतली आहेत. ते पुरे झाले की आज तरीने होणारे चारही प्रवास पुलावरून होतील. पुष्कळ पर्यटकांना आणि काही सायकलप्रेमींनाही या बातमीने हळहळ वाटते. ती समजण्यासारखी आहे, पण तेवढ्यावर थांबणे न्यायाचे होणार नाही.

कारण पाण्याचा प्रवास कोकणी माणसाला हौस म्हणून करावा लागत नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुंबईतील कामकरी सणासाठी घरी निघाले होते. त्या दिवसाची आठवण रायगडच्या अनेक गावांत अजून आहे. आजच्या तरी अधिक सुरक्षित आहेत, परंतु रात्री त्या बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की थांबतात. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसत असते, पण तेथे जाण्यासाठी खाडीला वळसा घालून कित्येक तास मोडावे लागतात. रात्री अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी, छातीत कळ आलेला वृद्ध यांना त्या तासांची किंमत विचारावी. अंबाजोगाईकरांस हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बीड, लातूर, परभणीच्या खेड्यांतून रात्री-अपरात्री येणारी माणसे त्यांनी पाहिली आहेत. रस्ता चांगला असणे म्हणजे काय, हे त्या दारात उभे राहिले की कळते. म्हणून पूल व्हावेत, लवकर व्हावेत आणि भक्कम व्हावेत.

प्रश्न उरतो तो जुन्या रस्त्याचा. नव्या रस्त्यावर वेग येईल, अवजड वाहने येतील. तेथे सायकल आणि पादचारी यांना जागा नसेल, तर गावातल्या गावात शाळेला सायकलने जाणारी मुलगीच प्रथम धोक्यात येईल. प्रवासी सायकलस्वाराची गोष्ट त्यानंतरची. नॉर्वेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्या देशाच्या किनाऱ्यावर स्टाइनखेर ते बूडो असा सुमारे ६५० किलोमीटरचा किनारी मार्ग आहे आणि त्यावर सहा ठिकाणी तरीने जावे लागते. तरी आहेत म्हणूनच जगभरातील सायकलस्वार तेथे येतात. त्याच देशाने दुसऱ्या एका मुख्य महामार्गावर तरींच्या जागी पूल आणि बोगदे बांधण्याचे धोरणही स्वीकारले आहे. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी एक रस्ता आणि ज्याला नाही त्याच्यासाठी दुसरा, असा हा व्यवहार आहे.

कोकणातही हे जमण्यासारखे आहे. प्रत्येक नव्या पुलावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी असावी. पूल आराखड्यात असतानाच ती केली तर खर्चात फार भर पडत नाही. नंतर जोडायची म्हटली की ती कधीच होत नाही. गावांतून जाणारा जुना अरुंद रस्ता दुरुस्तीच्या यादीतून वगळला जाऊ नये. आणि चारांपैकी एखाद-दोन तरी तरी हिवाळ्यात दिवसा चालू राहाव्यात. त्यांवर आज खलाशी, तिकीट देणारे, धक्क्यावरचे चहावाले आणि शहाळी विकणारे अशी कित्येक कुटुंबे जगतात. नवे खाते उघडताना जुने बंद करण्याची सक्ती नसते, हे तत्त्व व्यवहारात मान्य आहे. ते रस्त्यांनाही लागू व्हावे.

ज्या वाचकांस हा प्रवास करावासा वाटेल, त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. कार्तिकाच्या मध्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. साठीच्या पुढील व्यक्तींनी निघण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि किमान तीन महिने आठवड्यातून चार दिवस सायकल चालवावी. त्यात एक दिवस मुद्दाम चढाचा असावा. महागडी सायकल लागत नाही. गिअरची असावी, चढाला उपयोगी पडणारा सर्वांत हलका गिअर नीट लागत असावा आणि ब्रेकची रबरे नवी असावीत. सड्यावरून खाडीकडे उतरताना ब्रेक हेच जीवन. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हातपंप, हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि दोन लिटर पाणी एवढे पुरते. पाठीवर सामान घेऊ नये. मागच्या कॅरिअरला पिशव्या बांधाव्यात. चढावर उतरून सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा मानू नये.

दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, हेदवी येथे घरगुती शाकाहारी जेवण मिळते. आदल्या दिवशी दूरध्वनी करून कांदा-लसूण आणि कंदमुळे नकोत असे सांगितले तर बहुतेक घरी ते आनंदाने सांभाळतात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असलेल्यांची तर येथे सोयच होते. कारण सायकलचा दिवस पहाटे सुरू होऊन दुपारी तीन-चारला संपावा, हेच शहाणपणाचे. अंधारात या रस्त्यांवर सायकल चालवू नये. तरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. एक तर चुकली तर दोन तास जातात आणि ते वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. धक्क्यावर बसलेल्या वृद्धांना गावातील किल्ल्याविषयी विचारावे. पुस्तकात न सापडणारे बरेच काही ते सांगतात, आणि आपण कोठले असे उलट विचारतात.

‘अंबाजोगाई’ असे उत्तर दिले की गुहागर-हेदवीकडे बहुधा चेहरा बदलतो. देवीचे गाव म्हणून पाण्याआधी बसायला पाट मिळतो, कोणाच्या आजीने कोणत्या साली नवस फेडला ते सांगितले जाते आणि निघताना सुपारीची पुडी हाती ठेवली जाते. ती देवीच्या ओटीसाठी असते. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने परतताना सायकल सामानाच्या डब्यात द्यावी, पण पुडी जवळ ठेवावी. अंबाजोगाईला पोहोचल्यावर ती देवळात पोचती केली की हा प्रवास पुरा झाला.